घासलेलं रोमन नाणं घेतलं म्हणजे फसलो का? झीज कशी वाचायची, नाणं कसं सांभाळायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे की परदेशातल्या डीलरकडून रोमन सेनापती मार्क अँटनीचा लीजनरी डिनेरियस (म्हणजे त्याच्या लीजनसाठी, सैन्याच्या मोठ्या तुकड्यांसाठी पाडलेलं चांदीचं नाणं) मागवला, आयुष्यातलं पहिलं रोमन नाणं, आणि तो हातात आल्यावर ओळखीतल्या एकानं सांगितलं की हे फारच घासलंय, लीजनचा नंबरसुद्धा दिसत नाही, एवढ्या पैशात सम्राट कॉन्स्टंटाईनचं छान चकचकीत नाणं आलं असतं. मग फसलो का, साफ करून थोडं उजळेल का, आणि पुढचं नाणं कुठलं घ्यावं.

आधी सरळ उत्तर देतो. नाणं अस्सल असेल तर तुम्ही फसलेला नाहीत. साफ अजिबात करू नका. आणि घासलेलं आहे म्हणून वाईट वाटून घेऊ नका, कारण रोमन नाण्यांमध्ये ज्या एका नाण्याची झीज हाच त्याचा इतिहास आहे असं म्हणता येईल ते नेमकं तुमच्या हातात आलंय.

हा डिनेरियस इ.स.पू. ३२-३१ चा. अँटनी आणि क्लिओपात्रा एका बाजूला, ऑक्टेव्हियन, म्हणजे पुढचा सम्राट ऑगस्टस, दुसऱ्या बाजूला, ग्रीसच्या किनाऱ्यावर अँटनीची फौज आणि आरमार तळ ठोकून बसलेलं आणि एवढ्या सैन्याला पगार द्यायचा म्हणजे नाणी पाडायलाच हवीत. सैन्याबरोबर असलेल्या टांकसाळीत ती घाईघाईनं आणि प्रचंड संख्येनं पाडली गेली. पुढच्या बाजूला वल्ह्यांचं लढाऊ जहाज, वरती अँटनीचं नाव, खाली त्याचं राज्य चालवणाऱ्या त्रिसदस्य मंडळातलं पद. मागच्या बाजूला मधे लीजनचा गरुड, दोन्हीकडे एकेक निशाण, आणि डावीकडे 'लेग' व उजवीकडे त्या लीजनचा आकडा. म्हणजे प्रत्येक लीजनला तिच्या नंबराचं नाणं. बहुतेकांवर नुसता आकडाच आहे, पण बाराव्या, सतराव्या आणि अठराव्या लीजनच्या काही नाण्यांवर आकड्यासोबत लीजनचं नावही येतं, शिवाय अंगरक्षक तुकड्यांची आणि टेहळणी पथकाची वेगळी नाणी आहेत. २ सप्टेंबर इ.स.पू. ३१ ला ॲक्टियमची लढाई झाली, अँटनी हरला, पुढच्या वर्षी ॲलेक्झांड्रियात मेला, आणि नाणी मात्र उरली. त्या काळात साध्या लीजनरी सैनिकाचा वर्षाचा पगार २२५ डिनेरियस होता, त्यातून जेवण, कपडे, हत्यारं यांचे पैसे कापून घेत. या हिशेबानं बघितलं तर तुमच्या हातातलं नाणं म्हणजे एका माणसाची दीडेक दिवसाची कमाई.

आता मुख्य गोष्ट. अँटनीनं या नाण्यांत तेव्हाच्या चालू डिनेरियसपेक्षा चांदी कमी ठेवली होती. प्लिनी या रोमन लेखकानं तर लिहून ठेवलंय की अँटनीनं डिनेरियसमध्ये लोखंड मिसळलं, प्रत्यक्षात मिसळ असते ती तांब्याची, पण बदनामी किती झाली होती ते यातून कळतं. मग झालं असं की लोकांना चांगल्या चांदीचं नाणं आणि अँटनीचं नाणं यातलं एक द्यायचं असेल तर ते अँटनीचंच पुढे सरकवणार, चांगलं घरात ठेवणार. हे दर वेळेला, दर हाताला घडत गेलं. इ.स. ६४ मध्ये सम्राट नीरोनं डिनेरियसचं वजन उतरवलं, एका रोमन पौंडात आधी ८४ नाणी पडत ती ९६ पाडायला लागले, चांदीचा कसही घटवला, तशी जुनी शुद्ध नाणी वितळवण्यात फायदा दिसायला लागला आणि ती बाजारातून गायब होत गेली. इ.स. १०७ च्या सुमारास ट्राजननं झिजलेली जुनी नाणी गोळा करून वितळवली. अँटनीची कमी चांदीची नाणी या सगळ्यातून वाचली कारण त्यांना वितळवून हाताला फार काही लागत नव्हतं. ती दोनशे-सव्वादोनशे वर्षं फिरत राहिली! ब्रिटनमध्ये दुसऱ्या शतकाच्या शेवटी, तिसऱ्याच्या सुरुवातीला पुरलेल्या डिनेरियसच्या साठ्यांमध्ये नव्या सम्राटांच्या टवटवीत नाण्यांच्या शेजारी ही सपाट झालेली अँटनीची नाणी निघतात. लोकांना ती इतकी ओळखीची होती की मार्कस ऑरेलियस आणि लुसियस व्हेरस या दोन सम्राटांनी सहाव्या लीजनसाठी अँटनीच्या नाण्याची नवी आवृत्ती काढली, तीही मूळ नाण्यानंतर जवळपास दोनशे वर्षांनी. पुढे सेप्टिमियस सेव्हेरसनं डिनेरियसमध्ये चांदी साधारण अर्ध्यावर आणली, तेव्हा उलटं झालं, अँटनीचं हिणकस म्हणून बदनाम नाणंच नव्यापेक्षा जास्त चांदीचं ठरलं आणि मग तेही बाजारातून जायला लागलं.

त्यामुळे लीजनरी डिनेरियस कोरा करकरीत मिळाला तर तो सुंदरच, पण तो पडल्यावर लवकरच कुठेतरी पुरला गेला एवढंच तो सांगतो. तुमच्यासारखा गुळगुळीत झालेला म्हणजे तो खरोखर चाललाय. ऑगस्टस, नीरो, व्हेस्पेशियन, हेड्रियन, एवढ्या सगळ्यांच्या राज्यात त्यानं भाजी, दारू, भाडं, जुगार सगळं बघितलं असणार. मला स्वतःला या नाण्याचा घासलेला नगच जास्त आवडतो आणि हे मी परवडत नाही म्हणून बोलत नाहीये.

आता तो आकडा वाचायचं बघू. ट्यूबलाईटखाली समोरून बघाल तर काहीच दिसणार नाही. खोलीतले बाकी दिवे बंद करा, एकच टेबललॅम्प घ्या आणि उजेड नाण्याच्या पातळीच्या जरासाच वरून, अगदी तिरपा पडेल असा ठेवा, मग नाणं जागच्या जागी हळूहळू गोल फिरवा. दहापट मोठं दाखवणारं सोनारी भिंग पुरतं, मायक्रोस्कोपची गरज नाही. एका कोनात काहीच नसतं आणि थोडं फिरवलं की एकदम एका रेघेची सावली उभी राहते, पुढच्या कोनात ती जाते आणि दुसरीच येते. प्रत्येक कोनाचा मोबाईलवर फोटो काढत जा आणि नंतर एकत्र बघा. गरुडाचे पंख सगळ्यात आधी गेलेले असतात कारण तो भाग उंच, निशाणांवरच्या चकत्या एकाखाली एक ठिपक्यांसारख्या उरतात, जहाजाच्या बाजूला मात्र वल्ह्यांच्या तिरप्या रेघा खूप उशिरापर्यंत टिकतात. आकड्यासाठी उजव्या निशाणाच्या बाहेरच्या बाजूला बघा. अक्षर पूर्ण दिसलं नाही तरी किती जागा व्यापली आहे ते मोजा, आकडे रोमन आहेत, नुसता व्ही (पाच) असेल तर जागा मोकळी राहते, एक्स व्ही आय (सोळा) असेल तर गर्दी होते. उभी रेघ कुठे, तिरपी कुठे, एवढं नक्की झालं की चार-पाचच पर्याय उरतात आणि मग कॅटलॉगमधल्या फोटोंशी ताडून बघता येतं. अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीनं रोमन प्रजासत्ताकाच्या काळातल्या नाण्यांचा आणि सम्राटांच्या काळातल्या नाण्यांचा असे दोन ऑनलाईन डेटाबेस फुकट ठेवलेत, तिथे संग्रहालयांतल्या नाण्यांचे फोटो आहेत, तुमचं नाणं प्रजासत्ताकाच्या डेटाबेसमध्ये मिळेल. आणि इतकं करूनही आकडा नाहीच लागला तर नाही लागला, चिठ्ठीवर 'लीजन अनिश्चित' लिहा, अंदाजानं नंबर टाकू नका.

बघताना आणखी एक शोधा. पृष्ठभागावर चंद्रकोर, टिंब, छोटं अक्षर असे मुद्दाम मारलेले बारीक ठोके दिसतात का. हे सराफांचे ठोके. वरून चांदी आणि आत तांबं अशी खोटी नाणी तेव्हाही ढिगानं होती, म्हणून नाणं आतून चांदीचंच आहे ना हे बघायला ते पंच मारत. काही खरेदीदार याला डॅमेज म्हणतात आणि भाव पाडतात. माझ्या मते या ठोक्यांनी नाण्याची किंमत वाढायला हवी, कारण नाणं पाडणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाचा तरी हात त्यावर स्पष्ट दिसतो.

'घासलेलं' या एका शब्दात लोक चार वेगळ्या गोष्टी कोंबतात आणि तिथेच खरेदीत गोंधळ होतो, म्हणून हे जरा नीट सांगतो.

खरी झीज म्हणजे हाताहातातून, पिशवीत नाण्यावर नाणं घासून झालेली. ती आधी उंच जागांवर येते, डोक्यावरचे कानाच्या वरचे केस, गालाचं हाड, भुवई, मागच्या बाजूच्या उभ्या आकृतीची छाती आणि गुडघा. ती सपाट असते पण तिच्या कडा मऊ, हळूहळू उतरत जाणाऱ्या असतात आणि खोलगट भागात तपशील शिल्लक असतो.

ठसा नीट न उठणं ही वेगळी गोष्ट. गरम किंवा थंड चकती खालच्या डायवर, म्हणजे चित्र उलटं कोरलेल्या ठशावर, ठेवून वरची डाय हातात धरून हातोड्यानं ठोकायची अशी ही पद्धत, हातोडा जरा वाकडा पडला की एका बाजूला धातू डायच्या खोलीत शिरतच नाही. अशा जागी आकृती सपाट दिसते पण पृष्ठभाग गुळगुळीत नसतो, चकतीची मूळ खरखर तशीच असते, आणि नाणं उलटून बघितलं की पाठीमागच्या बाजूलाही बरोबर त्याच जागी ठसा कमी उठलेला असतो. ही खूण फार उपयोगी आहे, लक्षात ठेवा.

तिसरी, डायच झिजलेली. हजारो नाणी पाडून डाय थकली की त्यातून निघालेलं ताजं नाणंसुद्धा थकलेलं दिसतं, अक्षरं फुगलेली आणि कडेकडे ओढल्यासारखी, मोकळ्या जागेत मधून बाहेर जाणाऱ्या बारीक रेघा. हे नाणं एक दिवसही चाललेलं नसू शकतं.

आणि चौथी म्हणजे जमिनीनं खाल्लेलं. खड्डे, भोकं, खरबरीतपणा, कुठेही, उंच-सखल काही न बघता. ही झीज नाही, हा गंज.

यातली पहिली मला चालते, दुसरी-तिसरी किमतीप्रमाणे चालते, चौथी जपून. पण या सगळ्यांपेक्षा वाईट एक पाचवी आहे आणि ती माणसानं हल्ली केलेली, जुन्या झिजलेल्या ब्राँझवर सुईनं, ब्लेडनं केस नव्यानं कोरायचे, मोकळी जागा खरवडून अक्षरं उठावदार करायची. सेस्टर्शियस नावाच्या मोठ्या नाण्यावर हा प्रकार फार, कारण पंचवीसेक ग्रॅमचं भरदार नाणं, त्यावर चेहरा छान दिसला की भाव कित्येक पटीनं वाढतो. भिंगातून अक्षराच्या पायथ्याशी बघा, तिथे खरवडल्याच्या समांतर रेघा असतील, केसांच्या रेघांत पॅटिना, म्हणजे जुन्या धातूवर चढलेला रंगीत थर, नसेल किंवा सगळ्या रेघा एकाच खोलीच्या असतील तर सोडून द्या. चेहरा अर्धवट पुसट पण प्रामाणिक असलेलं नाणं याच्यापेक्षा शंभरदा बरं. आपल्याकडे शिवराई जमवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला लागत नाही, 'श्री राजा शिव' मधली दोन अक्षरं चकतीवर आलीत, एक घासलंय, तरी ती शिवराई आपण आनंदानं घेतो आणि कुणी त्यावर अक्षर नव्यानं कोरून आणलं तर हातही लावत नाही. तीच नजर रोमन नाण्याला लावा.

आपल्या बाजूचं थोडं सांगायलाच हवं कारण रोमन नाणी म्हणजे सगळं युरोपातलं असं अनेकांना वाटतं. पहिल्या शतकात दर्यावर्दी व्यापाऱ्यानं ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या माहितीपत्रकात स्पष्ट म्हटलंय की भरूचला रोमन सोन्या-चांदीची नाणी आणली तर इथल्या नाण्यांशी बदलून नफा होतो. त्याच मजकुरात पैठण आणि तेरहून गाड्यांमधून माल भरूचला उतरतो असं आहे, कल्याण, सोपारा, चौल ही बंदरं आहेत. प्लिनी तक्रार करतो की भारत दरवर्षी साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्शियस ओढून घेतो. भारतात सापडलेली रोमन चांदीची नाणी मात्र मुख्यतः दक्षिणेतली, आणि त्यात दोनच प्रकारांची भरमार आहे, ऑगस्टसचं गायस आणि लुसियस या नातवांचं चित्र असलेलं आणि टायबेरियसचं बसलेल्या स्त्रीचं. नीरोनं कस उतरवण्याआधीची ही नाणी. आपल्याकडच्या व्यापाऱ्यांना चांदी चांगली कळत होती. प्लिनीनं श्रीलंकेच्या राजाची गोष्ट दिलीय, वाट चुकून तिथे पोचलेल्या एका रोमन माणसाकडची नाणी बघून राजा प्रभावित झाला कारण त्यांवरचे चेहरे वेगवेगळ्या माणसांचे होते तरी वजन सारखं होतं. 

तमिळनाडूत पुदुकोट्टईला १८९८ मध्ये ५०१ रोमन सोन्याची नाणी सापडली, त्यातल्या बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीनं आडवा घाव घातलेला आहे. का, यावर मतं दोन, एक म्हणतं हे नाणं म्हणून बाद करून नुसतं सोनं म्हणून ठेवण्यासाठी, दुसरं म्हणतं आतून सोनं आहे का ते बघण्यासाठी. काही रोमन नाण्यांना इथे भोकं पाडून गळ्यात घातलंय. आणि महाराष्ट्रातलंच सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे नाशिकजवळच्या जोगलटेंभीचा १९०६ चा साठा, तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी, सगळी क्षत्रप नहपानाची, आणि त्यातल्या साधारण दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारलाय, नहपानाच्या चेहऱ्यावर सरळ डोंगराचं चिन्ह. हरलेल्या राजाचं नाणं वितळवलं नाही, त्याच्याच तोंडावर आपली मोहोर मारून ते चालवलं. ज्याला अशी नाणी बघायला मिळतात त्याला घाव, भोक, ठसा, झीज हे दोष वाटणं आपोआप बंद होतं. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे, मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नाण्यांचं दालन आहे, जमेल तेव्हा जाऊन या.

आता साफसफाई. चिंच, लिंबू, व्हिनेगर, पितांबरी, टूथपेस्ट, रांगोळी, यातलं काहीही नाही. सोनाराकडे नेऊन 'जरा उजळून दे' तर मुळीच नाही. घरात देवाची भांडी घासायची सवय असते, त्यामुळे काळपट चांदी बघितली की हात शिवशिवतो आणि घरातल्या कुणीतरी चांगल्या हेतूनं ते करून टाकलेलं मी अनेकांकडे बघितलंय, तेव्हा घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा. चांदीवरचा काळसर-निळसर थर हा सल्फाईडचा, तो तयार व्हायला वर्षानुवर्षं लागतात, तो नाण्याला धक्का लावत नाही आणि झिजलेल्या नाण्यावर तर तोच खोलगट भागात साठून चित्र वाचायला मदत करतो! पॉलिश केलंत की पांढरीफटक चकती उरेल आणि तुमचा आकडा कायमचा जाईल. शिवाय जुनी चांदी आतून ठिसूळ झालेली असू शकते, वाकवून किंवा टेबलावर आपटून आवाज बघायच्या भानगडीत पडू नका, सरळ दोन तुकडे होतात. माती लागली असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा, मऊ कापडानं टिपा, घासू नका. बस.

ब्राँझची गोष्ट जास्त काळजीची, खास करून आपल्या पावसाळ्यात. हिरवा, तपकिरी, काळा, घट्ट आणि गुळगुळीत असा पॅटिना असेल तर तो नाण्याचं कवच आहे, त्याला हात लावू नका. पण एखाद्या सकाळी नाण्यावर फिकट हिरवी, पिस्त्याच्या रंगाची भुकटी दिसली, काडीनं टोकरली की सुटी होते आणि खाली खड्डा, तर तो ब्राँझ डिसीज. तांब्यातलं क्लोराईड हवेतल्या दमटपणानं जागं होतं आणि नाणं आतून खात सुटतं, मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हवेची आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते तेव्हा हे फार पटकन होतं. असं नाणं लगेच बाकीच्यांपासून वेगळं करा, भुकटी लाकडी काडीनं काढा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये काही आठवडे ठेवा आणि पाणी बदलत राहा, नंतर पूर्ण कोरडं करून हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या खाली राहिली तर बहुतेक वेळा तिथेच थांबतं. याहून पुढची केमिकलं आहेत पण त्यातली काही विषारी आहेत, ती कॉन्झर्वेशनवाल्यांकडून करून घ्या. निरोगी नाण्यांनाही पावसाळ्यात हवाबंद डबा आणि सिलिका जेल हवंच, आणि जेल रंग बदललं की वाळवून घ्या. स्वस्त मऊ प्लॅस्टिकचे अल्बम नकोत, त्या पीव्हीसीतून चिकट हिरवट थर सुटतो आणि तो नाण्याला चिकटतो, पॉलिएस्टरचे फ्लिप, म्हणजे एकेका नाण्याचे पारदर्शक खिसे, मागवा. ओल्या वासाचं नवीन लाकूडही नको.

अस्सल आहे का हे कसं बघायचं. वजन आधी. लीजनरी डिनेरियस नवा असताना साडेतीन ग्रॅमच्या जरा वर असायचा, तुमच्यासारखा घासलेला तीन-सव्वातीनपर्यंत उतरलेला असणं ठीक आहे. अगदीच हलका असेल आणि कुठेतरी चांदी सुटून खालचं तांबं किंवा हिरवट डाग दिसत असेल तर ते त्या काळातलंच मुलामा दिलेलं खोटं नाणं असू शकतं, अँटनीच्या नाण्यांत असे नग बरेच असतात, आणि प्राचीन खोटं नाणं ही स्वतःच जमवण्यासारखी गोष्ट आहे, फक्त किंमत त्या मानानं द्या. आधुनिक नकलेची लक्षणं वेगळी. कडेवर सांध्याची रेघ किंवा ती घालवायला कानस मारल्याच्या खुणा, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक गोल खड्डे, आणि झीज उंच जागीच नाही तर सगळीकडे सारखीच मऊ, जणू चित्राला साबण लागलाय. खऱ्या झिजलेल्या नाण्यात उंच भाग सपाट पण अक्षरांच्या मुळाशी कुठेतरी धार उरलेलीच असते. एकाच विक्रेत्याकडे दोन नाणी अगदी सारखी, त्याच जागी तोच चरा, तीच तडा गेलेली कड, असं दिसलं तर दोन्ही नकली, कारण हातानं ठोकलेल्या दोन नाण्यांची डाय एक असू शकते, कड आणि चरे एक असू शकत नाहीत. खरेदी करताना अस्सलपणाची कायमची हमी लिहून देणारा डीलर किंवा ऑक्शन हाऊस बघा, आधीच्या कलेक्शनची जुनी चिठ्ठी असेल तर ती नाण्याइतकीच जपा. 'शेतात सापडलंय, गुपचूप देतो' असं कुणी म्हणालं तर तिथून उठा.

कायद्याचं दोन वाक्यांत. भारतात शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं, खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही, म्हणजे परदेशातून आणलेलं नाणं पुन्हा परत विकायला पाठवायचं मनात असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारून घ्या. जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावा लागतो. बिल, पाकिटावरचा कस्टम्सचा कागद, डीलरची मेल, हे सगळं प्रिंट काढून नाण्यासोबत ठेवा, आणि वजन, व्यास, कुणाकडून कधी घेतलं हे चिठ्ठीवर स्वतःच्या हातानं लिहा.

राहिलं पुढचं नाणं. कॉन्स्टंटाईनच्या काळातली लहान ब्राँझ नाणी स्वस्त असतात, त्यातलं 'रोम नगरी'चं, म्हणजे मागे लांडगीण आणि तिचं दूध पिणारी जुळी मुलं, वर दोन तारे, खाली टांकसाळीची अक्षरं, असं नाणं कुणीही घ्यावं, तिथे लांडगिणीचा खांदा आधी झिजतो आणि मुलं शेवटपर्यंत दिसतात. पण तुमच्याकडे अँटनी आहे म्हणून मी दुसरं सुचवेन. दक्षिण फ्रान्समधल्या नीम, तेव्हाचं नेमाउसस, इथली ऑगस्टसच्या काळातली ब्राँझ नाणी बघा. पुढे ऑगस्टस आणि ॲग्रिप्पा एकमेकांकडे पाठ करून, मागे खजुराच्या झाडाला साखळीनं बांधलेली मगर, म्हणजे जिंकलेला इजिप्त. ॲग्रिप्पा हा ॲक्टियमला अँटनीच्या आरमाराला हरवणारा सेनापती, त्याच्या डोक्यावर जहाजांच्या नाळांचा, म्हणजे पुढच्या टोकांचा, मुकुट आहे. तुमच्या डिनेरियसवर हरलेल्याचं जहाज, या नाण्यावर जिंकलेल्याचा मुकुट, दोन्ही शेजारी ठेवून बघायला फार मजा येते. आणि ही नाणी सुट्ट्या पैशांची टंचाई होती तेव्हा छिन्नीनं मधोमध तोडून अर्धी चालवली जायची. अख्खं नाणं महाग वाटलं तर अर्धं घ्या, ते बऱ्याच कमी पैशांत मिळतं. तोडताना बहुतेक दोन डोक्यांच्या मधूनच तोडलेलं असतं, तेव्हा डावीकडचा, ॲग्रिप्पाचा अर्धा शोधा. मागे मगरीचं तोंड आलं तर उत्तम, नुसती शेपूट आली तरी घ्या.